घोषणा पाहिली, आता बयाणा द्यावा का?

पत्र

आदरणीय ताई,

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मी २५ वर्षांचा असून नोकरी करतो. धाकटा भाऊ यंदा दहावीत जाईल. आत्याने २०१९ च्या दिवाळीत माझ्यासाठी दुबईहून आणलेला निन्टेंडो स्विच (व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) अजून चालतो, फक्त त्याची डावी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) बिघडली आहे. २ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी साडेसहाला स्विच २ ची सविस्तर घोषणा झाली, ती आम्ही दोघांनी घरच्या टीव्हीवर (२०१६ चा, फुल एचडी) पाहिली. भाऊ हरखून गेला. मला मात्र जुनेच यंत्र मोठे करून, किंमत वाढवून पुढे ठेवल्यासारखे वाटले आणि मी ते आजोबांसमोर बोलून गेलो. आजोबांनी तीनच दिवस आधी, पाडव्याला, ‘तुम्हा दोघांच्या आवडीचे काही घ्या’ म्हणून ५० हजार रुपयांचे पाकीट दिले होते. माझे बोलणे ऐकून त्यांनी ‘मग राहू दे’ म्हणत ते कपाटात परत ठेवले. तेव्हापासून भाऊ माझ्याशी कामापुरतेच बोलतो. दरम्यान बाजारातला एक दुकानदार म्हणतो की, १० हजार रुपये आगाऊ दिले तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र हातात देतो. पहिल्या नजरेचे मत कोणाचे बरोबर, माझे की भावाचे? आणि पैसे भरावेत का?

— एक थोरला भाऊ

उत्तर

पैशांचे आधी सांगते, कारण त्याला मुदत आहे. दुकानदाराला १० हजार रुपये देऊ नका.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात बयाण्याचा आकडा आहे, वायद्याचा आठवडा आहे, पण यंत्राची पूर्ण किंमत कुठेही नाही. ती तुम्ही लिहायला विसरलात असे मला वाटत नाही. दुकानदाराने ती सांगितलीच नसावी, कारण त्यालाही ती ठाऊक नाही. निन्टेंडो आपली यंत्रे भारतात अधिकृतपणे विकत नाही. इंदूरच्या काउंटरवर जे स्विच दिसते ते दुबई, सिंगापूर, हाँगकाँग किंवा जपान अशा कुठल्या तरी वाटेने आलेले असते, आणि त्याचा भाव माल उतरल्यावर ठरतो. या वेळी तर खुद्द अमेरिकेतही गोंधळ झाला. तिथली आगाऊ नोंदणी ९ एप्रिलला सुरू व्हायची होती, ती नव्या आयातशुल्काच्या घोषणेमुळे पुढे ढकलली गेली आणि २४ तारखेला सुरू झाली. यंत्राची किंमत तीच राहिली, पण सोबतच्या काही सुट्या वस्तू महागल्या. विक्रीची तारीख ५ जून जाहीर झाली आहे. पहिल्या महिन्यात जिथे अधिकृत विक्री आहे तिथेच माल पुरेल की नाही याची शंका असताना, आपल्याकडचा दुकानदार जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा शब्द कशाच्या बळावर देतो, हे त्याला विचारून पाहा. दहा हजार अडकल्यावर तो जो भाव सांगेल तो तुम्हाला मान्य करावा लागेल, आणि नाही म्हटले तर दहा हजारांसाठी हेलपाटे घालावे लागतील.

यापेक्षा मोठी गोम वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल मी घोषणेच्या दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला सांगते आहे. स्विच २ ची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे एप्रिल २०२५ च्या दराने अडतीस-एकोणचाळीस हजार रुपये. जपानमध्ये मात्र त्याचे दोन प्रकार जाहीर झाले. एक ४९,९८० येनचा, जो त्याच दराने आपल्या तीस हजारांच्या आत येतो. पण त्यात जपानी सोडून दुसरी कोणतीही भाषा निवडता येत नाही आणि ज्या खात्याचा देश जपान आहे तेवढेच खाते त्याला जोडता येते. दुसरा सर्व भाषांचा, ६९,९८० येनचा, जो कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून मिळतो. आता परदेशातून माल उचलणारा व्यापारी यांपैकी कोणत्या खोक्याकडे आधी वळेल, हे सांगायला नको. तुमचा दुकानदार तसे करीलच असे मी म्हणत नाही. पण पावतीवर ‘स्विच २, १ नग’ एवढेच लिहिलेले असेल आणि खोके घरी उघडल्यावर पडद्यावर जपानी अक्षरे उमटली, तर भांडायला तुमच्या हातात काहीही उरणार नाही. तुमच्या २०१९ च्या यंत्रावर आत्तापर्यंत विकत घेतलेले गेम ज्या खात्यावर आहेत, तेही त्या यंत्राला जोडता येणार नाही.

हे मी अनुभवाने बोलते. माझ्या दिरांनी २००८ साली अमेरिकेतून मुलांसाठी निन्टेंडोचे वी हे तेव्हाचे गेमयंत्र आणले होते. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टांचा होता. आम्ही बाजारातून वीस रुपयांचा पिन बदलायचा प्लग आणला, तो भिंतीत बसला, म्हणजे काम झाले असे समजून बटण दाबले. ‘टप्’ असा आवाज झाला, जळक्या प्लॅस्टिकचा वास दिवाणखाना भरून राहिला आणि आमच्या धाकट्याने, वय वर्षे सात, अडॅप्टर कानाशी धरून ‘आत काहीतरी खुळखुळतंय’ असे जाहीर केले. पिन बदलली होती, विजेचा दाब बदलला नव्हता. महिन्याभराने २३० व्होल्टांचा अडॅप्टर मिळाला. मग कोणीतरी लंडनहून एक गेम आणला, तो त्या यंत्राने वाचायलाच नकार दिला, कारण अमेरिकेच्या वीला युरोपची तबकडी चालत नसे. स्विच आल्यावर या दोन्ही खोडी गेल्या: त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टांवर चालतो आणि त्याच्या गेमना देशाचे कुलूप नाही. म्हणूनच दुबईचा स्विच तुम्ही सहा वर्षे निर्धास्त वापरला. नव्या पिढीत ते कुलूप त्या स्वस्त जपानी खोक्यापुरते परत आले आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही पत्रात पहिला विचारला आहे.

माझी आई शीतलामाता बाजारात साडी घ्यायला गेली की, दुकानदाराने गादीवर कितीही घड्या उलगडल्या तरी मान हलवत नसे. पसंत पडलेली साडी उचलून ती दुकानाच्या पायरीवर जाई, पदर उन्हात धरी आणि मग आत येऊन भाव विचारी. आतल्या दिव्यांत सगळ्याच साड्या चांगल्या दिसतात, एवढेच त्याचे कारण ती सांगत असे. कन्सोलची, म्हणजे अशा गेमयंत्राची, घोषणा म्हणजे आतले दिवे. तासाभराच्या त्या कार्यक्रमातले प्रत्येक दृश्य कुणीतरी निवडलेले, कापलेले, संगीत लावून मांडलेले असते. त्यावरून यंत्राबद्दल झालेले पहिले मत बरेचदा चुकते, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकते.

वीचेच उदाहरण घ्या. ते नाव एप्रिल २००६ मध्ये जाहीर झाले तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्याची यथेच्छ टिंगल झाली, कारण त्या उच्चाराचा त्यांच्या बाळबोलीतला अर्थ आपण ‘शू’ म्हणतो तोच आहे. पुढे त्या यंत्राचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले आणि आमच्या घरी माझ्या सासूबाईंनीसुद्धा त्यावर टेनिस खेळून मला हरवले. त्याच्या पुढच्या वी यूचे २०११ मध्ये अनावरण झाले तेव्हा पडदा असलेला हातातला कंट्रोलर इतका पुढे पुढे करण्यात आला की, हे नवे यंत्र आहे की जुन्या वीला जोडायची वस्तू, हेच अनेकांना कळले नाही. ते सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबले. चित्रफितीने फसल्याचे जुने उदाहरण २००५ चे आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्राच्या घोषणेच्या वेळी किलझोन २ या गेमची जी झलक दाखवली, ती पाहून लोकांनी डोळे विस्फारले. ती यंत्रावर चालणाऱ्या खेळाची नव्हतीच, आधीच तयार करून ठेवलेली चित्रफीत होती.

उलट, घोषणेत सांगितलेल्या अटींबद्दल लोकांचे पहिले मत सहसा बरोबर ठरते. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडायलाच हवे आणि वापरलेल्या तबकड्या दुसऱ्याला देण्याघेण्यावर बंधने राहतील, असे सांगण्यात आले. त्याविरुद्ध पहिल्या दिवसापासून ओरड झाली, आणि महिन्याच्या आत, १९ जूनला, कंपनीने दोन्ही अटी मागे घेतल्या. प्लेस्टेशन ३ च्या वरच्या मॉडेलची ५९९ डॉलर ही किंमत २००६ मध्ये ऐकताक्षणी लोकांना जास्त वाटली होती. २००९ मध्ये त्याचे बारीक केलेले मॉडेल २९९ डॉलरला विकायला काढावे लागले. किंमत, हमी, काय विकत मिळते आणि काय भाड्याने, कुठल्या देशात मिळते, या गोष्टी दिव्यांत आणि उन्हात सारख्याच दिसतात.

म्हणून तुम्हा दोघांच्या मतांपैकी यंत्राबद्दलचा भाग मी बाजूला ठेवते आणि अटींबद्दलचा तेवढा तपासते. तसे केले तर तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि भाऊही अर्धाच बरोबर आहे, फक्त दोघांचे अर्धे वेगवेगळे आहेत.

‘जुनेच मोठे केले’ हे तुमचे वाक्य वस्तुस्थितीला धरून आहे, आणि कंपनीनेही ते लपवलेले नाही. नावापुढे सरळ २ लावला आहे. वी यूच्या वेळी नावाने केलेला घोटाळा आठवला तर हा आकडा मला शहाणपणाचा वाटतो. पण मोठे करणे हा दोष कसा, ते तुम्ही सांगितले नाही. पडदा ६.२ इंचांवरून ७.९ इंचांवर गेला, त्यावरची बारकाई ७२० वरून १०८० रेषांवर गेली, साठवण ३२ जीबीवरून २५६ जीबी झाली, आणि जाडी मात्र पहिल्याइतकीच, १३.९ मिलिमीटर, राहिली. जुन्या स्विचचे बहुतेक सर्व गेम, कार्डावरचेही आणि खात्यावरचेही, नव्यावर चालणार आहेत. सहा वर्षांत तुम्ही घेतलेले गेम जर दहा-बारा असतील तर ते पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत, ही माझ्या मते त्या संध्याकाळची सर्वांत चांगली बातमी होती, आणि जुनेपणाचा तुम्हाला जो कंटाळा आला तो नेमका याच कारणाने आला. पडदा ओएलईडी नसून एलसीडीच आहे, याबद्दल नाराज झाला असाल तर ती नाराजी रास्त आहे.

भावाला माऊस आवडला असेल. जॉय-कॉन, म्हणजे यंत्राच्या बाजूचा सुटा कंट्रोलर, काढून, आडवा धरून टेबलावर किंवा मांडीवरही माऊससारखा फिरवता येतो, हे मलाही पाहता क्षणी आवडले, आणि नेमक्या याच कारणाने त्यावर मी मत देणार नाही. आपल्याकडच्या सोफ्यावर मांडी घालून बसणाऱ्या मुलाला ते अर्धा तास जमते का, हे हातात आल्यावरच कळेल. मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये २४ जण एका शर्यतीत धावतात आणि रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत, हेही त्याला भावले असणार. ‘सी’ बटण दाबून खेळता खेळता मित्रांशी बोलण्याची सोय त्याला फार मोठी वाटली असेल, तर त्याला एवढेच विचारा की, त्याच्या वर्गातल्या किती जणांकडे हे यंत्र असणार आहे. त्यात १६ वर्षांखालील मुलांना पालकांची मंजुरी लागते आणि ती ३१ मार्च २०२६ पर्यंतच मोफत, त्यानंतर वर्गणी.

‘फोर-के’ (फुल एचडीच्या चौपट बारकाईचे चित्र) हा शब्द ऐकून तो हरखला असेल, तर तुमच्या घरापुरती ती गोष्ट लागू नाही. ते चित्र फक्त यंत्र डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या बैठकीत) ठेवून फोर-के टीव्हीला जोडल्यावर मिळते. तुमचा टीव्ही फुल एचडी आहे. यंत्रासाठी टीव्ही बदलण्याचा विचार घरात कोणी बोलून दाखवला, तर तो त्याच दिवशी मोडून काढा.

बॅटरीचा आकडा कंपनीनेच २ ते साडेसहा तास असा दिला आहे. तुम्ही इंदूरहून पुण्याला रात्रीच्या बसने जात असाल तर एखादा जड गेम सेंधव्यापर्यंतही पुरणार नाही, असा त्याचा साधा अर्थ.

आता अटींमधला तो भाग, ज्यावर तुम्ही दोघेही काही बोलला नाहीत आणि जो मला सर्वांत खटकला. नव्या यंत्राच्या काही गेमची कार्डे नावापुरती कार्डे असतील. त्यांना गेम-की कार्ड म्हणतात. कार्ड यंत्रात घालायचे, मग गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आणि नंतरही प्रत्येक वेळी खेळताना कार्ड आत असायलाच हवे. आजोबांना समजावून सांगायचे असेल तर ती शिधापत्रिका आहे असे सांगा: हक्क पत्रिकेवर, धान्य दुकानातच. उद्या ते दुकान बंद झाले तर हातातली पत्रिका नुसती पत्रिका. ही कार्डे दुसऱ्याला देता येतात, विकता येतात, हे खरे आहे. तरीही पूर्ण किंमत मोजून रिकामे कार्ड घरी आणायचे, हे मला पटत नाही. असे सगळे गेम उतरवायला जागा लागणार, आणि त्यासाठी तुमच्या जुन्या स्विचमधले मेमरी कार्ड चालणार नाही. नव्यात फक्त मायक्रो-एसडी एक्सप्रेस प्रकारचे कार्ड लागते, जे आज साध्या कार्डाच्या मानाने बरेच महाग आहे; जुने कार्ड त्यात घातले तर जुने फोटो आणि चित्रफिती तेवढ्या पाहता येतात. यंत्राची ओळख करून देणारा ‘वेलकम टूर’ हा कार्यक्रमसुद्धा ९.९९ डॉलरला विकणार आहेत. मिक्सरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचे कोणी वेगळे पैसे मागितले, तर आपण त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

आजोबांच्या ५० हजारांचा हिशेब मांडून पाहा. मारिओ कार्ट वर्ल्डसह यंत्राचा संच अमेरिकेत ४९९.९९ डॉलरला जाहीर झाला, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस हजार. तोच गेम सुटा घेतला तर ७९.९९ डॉलर, म्हणजे एका गेमचे पावणेसात हजारांच्या पुढे. ही झाली परदेशातली छापील किंमत. इंदूरच्या काउंटरवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत वरचा अधिभार चढल्यावर पाकिटात कार्डापुरतेही पैसे उरतील असे मला दिसत नाही, आणि दुसरा गेम कधी घ्यायचा हा प्रश्न मग दर महिन्याला घरात निघेल.

कोणी म्हणेल की, त्यापेक्षा भारतात अधिकृत मिळणारे दुसरे यंत्र घ्या. तो विचार वाईट नाही, हमीची पावती इथली मिळते. पण घोषणा साऱ्या जगासाठी होते आणि विक्री मात्र एकेका देशापुरती असते, हे तिथेही लक्षात ठेवावे लागते. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. प्लेस्टेशन ५ प्रो सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला आणि त्याच्यातल्या वाय-फायला लागणारी ६ गिगाहर्ट्झची लहर आपल्याकडे तेव्हा खुली नसल्याने तो भारतात आणणार नाही, असे कंपनीने सांगून टाकले. शिवाय तुमच्या भावाने मारिओ पाहिला आहे, त्याला दुसरे काही आणून दिले तर ते तुमच्या आवडीचे होईल, त्याच्या नव्हे.

तेव्हा माझे मत असे की, यंत्र घ्यावे, पण जूनमध्ये घेऊ नये. तुमची आत्या दुबईत असते. ती दिवाळीला येणार असेल तर तिच्याकरवी आणवा. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतच्या सामानावर सीमाशुल्क माफ असते (२०२५ मध्ये ही मर्यादा ५० हजार रुपये होती). यंत्र त्यात बसते, मात्र तिच्या पिशवीतल्या बाकीच्या भेटवस्तूही त्यातच मोजल्या जातील, हे तिला आधी कळवा, आणि दुकानाचे बिल जपून ठेवायला सांगा. इथे हमी चालणार नाही. बिघडले तर यंत्र तिच्याबरोबर परत जाईल, ही तयारी ठेवा. दिवाळीपर्यंत चार महिन्यांत ज्यांनी ते घेतले ते लोक खरे काय ते सांगू लागतील. मी स्वतः एकाच गोष्टीची वाट पाहणार आहे. तुमच्या जुन्या जॉय-कॉनची स्टिक आपोआप सरकते, ही त्या पिढीची जगभरची तक्रार होती. नव्या स्टिकची रचना मुळापासून नवी केली आहे असे कंपनी म्हणते, पण ज्या चुंबकीय प्रकारच्या स्टिकला हा रोग सहसा लागत नाही तो प्रकार वापरलेला नाही, हेही तिने एप्रिलमध्येच सांगितले आहे. हे घोषणेवरून ठरवता येत नाही. रोज दोन तास खेळणारी मुले ऑक्टोबरपर्यंत ते ठरवून दाखवतील.

राहता राहिले भावाचे न बोलणे. त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्र त्याच ओळीसाठी लिहिले असावे असा मला संशय आहे.

तुम्ही जे बोललात ते मत म्हणून चालण्यासारखे होते. ज्या वेळी बोललात ती वेळ चुकली. पाकीट तीन दिवसांपूर्वीच मिळालेले, आजोबा समोर बसलेले, आणि घरात या विषयातले कळणारा मोठा माणूस म्हणजे तुम्ही. ‘जुनेच मोठे केले’ हे वाक्य भावाला अभिप्राय म्हणून ऐकू आले नाही, आजोबांनाही नाही. त्यांनी तो निकाल म्हणून ऐकला आणि पाकीट कपाटात गेले. तुम्ही लिहिता की, २०१९ चा स्विच आत्याने ‘माझ्यासाठी’ आणला. तेव्हा तुम्ही १९ वर्षांचे होता आणि भाऊ नऊ वर्षांचा. त्या घरात आजवर त्याच्या निवडीने आलेले यंत्र एकही नाही. हे पहिले ठरले असते. त्याने ती घोषणा तुमच्या शेजारी बसून पाहिली, ते तुमच्याकडून गुण-दोष ऐकण्यासाठी नसावे.

जे आजोबांसमोर बोललात ते आजोबांसमोरच दुरुस्त करा. ‘मला तेव्हा तसे वाटले, पण मी ते नीट तपासले नव्हते’ एवढे पुरे आहे, लांबण लावू नका. पाकीट कपाटातच राहू द्या, फक्त ते कशासाठी आहे आणि कधी उघडायचे आहे हे तिघांत ठरू द्या. दहावीच्या निकालाची अट त्याला मुळीच चिकटवू नका. पाडव्याला ती अट नव्हती, आता घातली तर ती शिक्षा वाटेल. आणि जूननंतर बॅटरी, स्टिक, कोणता गेम खरा कार्डावर येतो आणि कोणता की-कार्डावर, याची माहिती काढून आजोबांना सांगायचे काम भावाकडे द्या. त्याला ते तुमच्यापेक्षा चांगले जमेल, कारण तुम्हाला कंटाळा आलेला आहे आणि त्याला नाही. तुम्ही मध्ये बोलू नका, अगदी तो चुकत असला तरी. आजोबा प्रश्न विचारतीलच.

जुन्या स्विचची डावी स्टिक मात्र आत्ताच, सुट्ट्या लागल्या लागल्या, बदलून घ्या. सुटा भाग मिळतो, काम तासाभराचे आहे, आणि दिवाळीपर्यंत दोघांना खेळायला तेच यंत्र आहे; शिवाय जुने जॉय-कॉन नव्याला बिनतारी जोडता येतात, फक्त बाजूला अडकवता येत नाहीत, तेव्हा तो खर्च वाया जात नाही. दुरुस्तीला जाताना भावाला बरोबर न्या. वाटेत त्या दुकानदाराकडे थांबून त्यालाच विचारू द्या की, शेवटची किंमत किती, यंत्र कोणत्या देशाचे आणि भाषा कोणत्या, आणि हे तिन्ही पावतीवर लिहून द्याल का. काय उत्तर मिळाले ते मला जरूर कळवा.